प्रेरित शब्द आणि आपली भाषा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या वर्गात बसून मी तीन वर्षे मराठी शिकलो. आज त्यांच्याच नावाने उभ्या राहिलेल्या व्यासपीठावरून बोलताना मनावर दडपण आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. जन्माने व संस्काराने हिंदू आहे. असे असता ख्रिस्ती धर्मातील शास्त्रप्रेरणेची कल्पना हा विषय मी का निवडला, याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. ते उत्तर गुरुवर्यांशी आणि एका ग्रंथाशी निगडित आहे.

गोवा मुक्त होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. एके दिवशी तास संपल्यावर गुरुवर्यांनी कपाटातून एक जाड ग्रंथ काढून माझ्या हाती दिला. शांताराम बंडेलू यांनी संपादून १९५६ साली पुण्याहून देवनागरी लिपीत प्रसिद्ध केलेले ते ‘ख्रिस्तपुराण’ होते. “घरी नेऊन मोठ्याने वाच. ओवी मनातल्या मनात वाचून कळत नाही,” एवढेच ते म्हणाले. त्या संध्याकाळी ओसरीवर कंदिलाशी बसून मी वाचू लागलो. आजोबा जवळच बसले होते. दर श्रावणात आमच्या घरी पोथी लागत असे, त्यामुळे ओवीची चाल त्यांच्या कानांत मुरलेली होती. पंधरावीस ओव्या त्यांनी मान डोलावीत ऐकल्या आणि मग विचारले, “पोथी कोणाची रे?” मी सांगितले.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. आमचे घराणे मूळचे दिवाडी बेटावरचे. देवाच्या पाठोपाठ नदी ओलांडून डिचोली महालातील नार्व्याच्या आश्रयाला आलेल्या कुळांपैकी आम्ही एक, असे आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेले. अखेरीस ते म्हणाले, “ज्यांनी पोथ्या जाळल्या, त्यांचीच ही पोथी. भाषा मात्र आपली आहे.” पुढे वाच असे ते म्हणाले नाहीत, मिटून ठेव असेही म्हणाले नाहीत. त्या दोन वाक्यांचा उलगडा करण्याचा प्रयत्न मी आयुष्यभर करीत आलो. आजचे व्याख्यान हा त्याच प्रयत्नाचा एक भाग आहे.

शास्त्र ‘प्रेरित’ आहे म्हणजे काय?

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. कॅथलिक परंपरेत त्यात ७३ पुस्तके मानतात, प्रॉटेस्टंट परंपरेत ६६. हिब्रू, अरामी आणि ग्रीक या तीन भाषांत, अनेक शतकांच्या कालावधीत, अनेक हातांनी ती लिहिली गेली. त्यांत इतिहास आहे, कायदे आहेत, स्तोत्रे आहेत, म्हणी आहेत, प्रेमगीते आहेत आणि खाजगी पत्रेही आहेत. हे सर्व माणसांनी लिहिले हे ख्रिस्ती धर्म नाकारीत नाही. आणि तरीही या सर्वांचा कर्ता परमेश्वर आहे असे तो मानतो. या दोन विधानांना एकत्र बांधणारी कल्पना म्हणजे ‘प्रेरणा’. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात यासाठी ‘थिओप्न्यूस्तोस’ असा ग्रीक शब्द आला आहे. त्याचा धात्वर्थ ‘देवाच्या श्वासाने भरलेले’ असा होतो. बासरीत फुंकर घातल्यावाचून सूर निघत नाही. पण सूर निघतो तो त्या बासरीच्या जातीचा. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी प्रेरणेचा विचार सांगताना नेमका हाच वाद्याचा दृष्टांत वापरला होता.

ही कल्पना आपल्या परिचयाच्या इतर कल्पनांशेजारी ठेवून पाहिली की तिचे वेगळेपण ध्यानी येते. आपल्या मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले. अपौरुषेय याचा अर्थ ईश्वराने रचलेले असा नव्हे. वेदांना कर्ताच नाही, ईश्वरदेखील नाही, असा त्यांचा पक्ष. तेथे शब्द आणि त्याचा उच्चार यांनाच नित्यत्व आहे. इस्लाममध्ये कुराण हे अरबी भाषेत शब्दशः अवतरलेले ईश्वरवचन मानतात. म्हणून त्याचे भाषांतर हे कुराण ठरत नाही, अर्थबोध ठरतो. ख्रिस्ती मत या दोहोंहून निराळे आहे. तेथे ग्रंथाला एकाच वेळी दोन कर्ते आहेत. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या तत्त्ववेत्त्याच्या परिभाषेत सांगायचे तर परमेश्वर हा मुख्य कर्ता आणि मनुष्य हा साधनभूत कर्ता. सुताराच्या हातातील पटाशी जसे लाकूड कोरते, पण आपल्या धारेच्या गुणानेच कोरते, तसे हे आहे.

आपल्या परंपरेत याला सर्वांत जवळची कोणती कल्पना असेल, तर ती ‘प्रासादिक वाणी’ची. बोलणारा मी नव्हे, बोलविता धनी वेगळा, ही भावना आपल्या संतांनी वारंवार प्रकट केली आहे. अठराव्या शतकातील सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे पेडणे महालाच्या भजनांत आजही गायिली जातात, आणि विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांची वाणी आपण प्रासादिक मानतो, पण ती वेदवाक्याच्या पंक्तीला बसवीत नाही. प्रसादाची दारे आपल्याकडे कोणत्याही काळी, कोणत्याही भक्तासाठी उघडी असतात. ख्रिस्ती मतानुसार मात्र प्रेषितांच्या काळाबरोबर शास्त्राची ही प्रेरणा संपली आणि ग्रंथसंख्या कायमची ठरली. साम्य आहे, तसा हा भेदही आहे, आणि तो लपवू नये.

माणसाचा वाटा किती?

दोन कर्ते मानले की पुढचा प्रश्न अटळ ठरतो. माणसाचा वाटा किती? परमेश्वर मजकूर सांगत होता आणि लेखक कारकुनासारखा उतरून घेत होता काय?

बायबल वाचणाऱ्याला याचे उत्तर त्या पुस्तकांतच मिळू लागते. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतो की, सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध घेऊन मी हे क्रमवार लिहीत आहे. ही संशोधकाची भाषा झाली. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल आपण कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला ती नावे सांगतो आणि आणखी कोणाला दिला की काय ते आठवत नाही, अशी कबुली देतो. ज्या पत्राला श्रद्धावान परमेश्वरप्रेरित मानतात, त्याच पत्रात लेखकाची विस्मृतीही नोंदलेली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, येशू अरामी भाषा बोलत असे, परंतु चारही शुभवर्तमाने आपल्यापर्यंत आली ती ग्रीक भाषेत. म्हणजे खुद्द येशूचे बोल ख्रिस्ती शास्त्रात अगदी आरंभापासूनच भाषांतरित स्वरूपात आहेत. ज्या धर्माने आपल्या प्रभूचे मूळ उच्चार जपण्याचा अट्टाहास केला नाही, त्याच्या दृष्टीने कोणतीही एक भाषा देवाची मिरासदारी होऊ शकत नाही. निदान होऊ नये.

तरी हा वाद सहजासहजी मिटला नाही. सोळाव्या शतकात युरोपात त्याला धार चढली. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ साली पवित्र ग्रंथांची यादी निश्चित केली आणि लॅटिन ‘व्हल्गेट’ या भाषांतराला अधिकृत दर्जा दिला. दोमिंगो बान्येझसारखे पंडित एकेक शब्द ईश्वराने सुचविलेला मानीत. उलट लेओनार्ड लेसियस या जेझुइट पंडिताने असे मांडले की, ग्रंथ पवित्र ठरण्यास त्याचा प्रत्येक शब्द प्रेरित असण्याची आवश्यकता नाही. या मताबद्दल लूव्हाँ विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाने १५८७ साली जेझुइटांचा निषेध केला. हे साल ध्यानात ठेवावे. कारण त्या वेळी एक इंग्रज जेझुइट गोव्यात येऊन आठ वर्षे झाली होती आणि तो आपली भाषा शिकत होता.

साष्टीतील प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स हे सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मले. तेथे कॅथलिक धर्म पाळणे तेव्हा धोक्याचे होते. थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाऊन धर्मसंघात प्रवेश करण्याचा त्यांचा बेत होता; मित्र पकडला गेला आणि त्याच्या वाट्याला दीर्घ तुरुंगवास आला. स्टीफन्स रोमला पोहोचले, आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्याला लागले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे निरीक्षण नोंदविले आहे. धर्मासाठी घर सोडावे लागणे म्हणजे काय हे या मनुष्याला ठाऊक होते. परंतु ज्या सत्तेच्या छायेत तो येथे राहिला, तिने इतरांना घरे सोडावयास लावली होती, हेही तितकेच खरे.

तो इतिहास थोडक्यात सांगतो. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. दिवाडीवरील सप्तकोटेश्वर, हे कदंब राजांचे आराध्य दैवत, नदीपलीकडे डिचोली महालात आणले गेले. नार्व्याच्या त्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला, असे तेथील शिलालेख सांगतो. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. पुराणांच्या पोथ्या बाळगणे गुन्हा ठरला. त्या जप्त झाल्या, जाळल्या गेल्या. काही मिशनऱ्यांनी अभ्यासासाठी रोमी लिपीत करवून घेतलेल्या रामायण-महाभारतातील कथांच्या नकला तेवढ्या पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात उरल्या. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे आले ते अनुक्रमे १७८१ व १७८८ साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणूनच आपल्या भागात पुराण, कीर्तन, दशावतार आणि मराठीची शिकवण अखंड राहिली. हे आपले कर्तृत्व जितके, तितकीच कालाची कृपाही आहे.

साष्टीतील नवख्रिस्ती मात्र पोथीविना उरले. ख्रिस्तपुराणाच्या प्रास्ताविक भागात याचाच एक प्रसंग आहे. मुले चर्चमध्ये धर्मशिक्षणासाठी जमलेली असतात. एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो त्याचा आशय असा: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत; आता वेळ घालवायला, मन रमवायला आमच्यापाशी काही नाही; मग त्या जोडीचे दुसरे पुराण तुम्ही का देत नाही? मित्रहो, हा प्रश्न ग्रंथकर्त्याने दडविला नाही, स्वतःच्या ग्रंथाच्या दारात उभा केला. आजोबांचे पहिले वाक्य आणि त्या ब्राह्मणाचा प्रश्न यांत फारसे अंतर नाही.

उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. तो १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. अध्यायाला ‘अवस्वरू’ म्हटले आहे. आरंभी आपल्या कवींप्रमाणे नमन आहे. फरक एवढाच की ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना केलेले आहे. परमेश्वर, वैकुंठ, मुक्ती हे शब्द आपले. पवित्र आत्म्याला मात्र ‘स्पिरितु सांतु’ हे परकेच नाव ठेवले आहे. जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून, बोलीतील शब्द मिसळून, सामान्यांना कळेल अशी भाषा आपण योजली, हेही ग्रंथकर्त्याने सांगितले आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यांपैकी पुष्कळांना पाठ असतील.

पुराण, पण शास्त्र नव्हे

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ख्रिस्तपुराण हे बायबलचे भाषांतर नव्हे. ते बायबलवर आधारलेले पुराण आहे. श्रद्धावानांच्या लेखी बायबल प्रेरित, ख्रिस्तपुराण नव्हे. हा आकृतिबंध का निवडला गेला? एक कारण वर आले: लोकांना पुराण हवे होते. दुसरे कारण माझ्या मते असे. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनी लोकभाषांतील बायबलच्या वाचनावर विशेष परवानगीचे बंधन घातले होते. गोव्यात कोणतेही पुस्तक छापावयाचे तर इन्क्विझिशनची अनुमती लागे. मूळ शास्त्राच्या शब्दाला हात न लावता त्याचा अर्थ ओवीत आणणे ही वाट त्या चौकटीत मोकळी होती. संस्कृत गीतेच्या शब्दांवर हक्क न सांगता ज्ञानेश्वरांनी तिचा भाव मराठीत आणला. त्या वाटेशी हिचे नाते आहे.

परंतु ज्या श्रद्धेवर हा उद्योग उभा आहे, ती प्रेरणेच्या सिद्धान्तातूनच येते. ईश्वराने एकदा हिब्रू मेंढपाळाच्या, ग्रीक बोलणाऱ्या वैद्याच्या तोंडून बोलणे पत्करले असेल, तर साष्टीच्या शेतकऱ्याच्या भाषेचे त्याला वावडे असण्याचे कारण नाही. ग्रंथ देशी अक्षरांत छापावा अशीही फादर स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रात त्यांनी ती वरिष्ठांना कळविली. ते घडले नाही, आणि मराठी ओव्या रोमी लिपीत छापाव्या लागल्या. १६१९ साली ते वारले. त्यांची कोंकणीतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ १६२२ साली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली, दोन्ही मृत्यूनंतर, छापली गेली.

पुढे काय झाले? १६८४ साली व्हाइसरॉयच्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम झाला. ज्या भाषेत देवाचे चरित्र गायिले, तीच भाषा गुन्हेगार ठरली. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे त्या दिवशी राज्यकर्त्यांनी केवळ आपल्या भाषेवर घाव घातला नाही; त्यांनी स्वतःच्या धर्मातील एका थोर विचाराचाही अव्हेर केला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन आवृत्त्या निघाल्या. पण तो ग्रंथ पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. सक्तीने पुराण बंद करता येते, तसे आपलेच पुराण विस्मरणातही लोटता येते. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, आणि जस्टिन अॅबट यांना त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमध्ये आढळली.

नंतरचा प्रवास

प्रेरणेच्या विचारानेही पुढे पल्ला गाठला. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, ग्रंथ आधी लिहून मग चर्चने मान्य केले म्हणून पवित्र ठरत नाहीत. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिले गेल्यामुळे ईश्वर त्यांचा कर्ता आहे. १९४३ साली बाराव्या पायस पोपांनी अभ्यासकांना त्या त्या काळातील लेखनप्रकार ओळखून अर्थ लावण्यास सांगितले. काव्याला काव्य म्हणून, इतिहासाला इतिहास म्हणून. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मानवी लेखकांना ‘खरे कर्ते’ म्हटले आणि अनादी शब्दाने मानवी देह धारण केला, त्याप्रमाणे ईश्वराचे बोल मानवी भाषेचे रूप घेतात, अशी तुलना केली. कारकुनाची कल्पना अशा रीतीने मागे पडली.

मराठीतही शास्त्र आता मूळ रूपात येऊ लागले होते. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि ग्रंथ त्यांच्या मागून प्रसिद्ध झाला. संस्कृत पुराणे तोंडपाठ असलेल्या घरात जन्मलेल्या या विदुषीने स्वयंपाकघरातील बाईला कळेल अशी भाषा शोधावी, यात फादर स्टीफन्स यांचाच वसा दिसतो. २००६ साली गोव्यात संपूर्ण बायबल रोमी लिपीतील कोंकणीत आले. १६८४ च्या फर्मानाला मिळालेले हे फार उशिराचे उत्तर होय.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न. माझा ग्रंथ प्रेरित आहे असे मानले, की दुसऱ्याचा ग्रंथ जाळावा असे ओघानेच येते काय? इतिहासात तसे घडले, पण सिद्धान्तातून ते निघत नाही. १९६५ साली त्याच परिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आम्ही नाकारीत नाही असे जाहीर केले. १९७४ साली बंगळूर येथे कॅथलिक अभ्यासकांनी बायबलबाह्य धर्मग्रंथांचे स्थान काय, यावर परिसंवाद भरविला. मात्र २००० सालच्या रोमच्या घोषणापत्राने ‘प्रेरित’ हा शब्द बायबलमधील ग्रंथांपुरताच राखून ठेवला. हे मान्य करून संवाद करावा. शेजाऱ्याने आपल्या ग्रंथाला आपलाच शब्द लावलाच पाहिजे, अशी अट घालण्याचे कारण नाही. त्याने आपल्या पोथीला हात लावू नये, आणि आपणही त्याची पोथी उघडून पाहावी, एवढे पुरे.

आजोबांच्या दोन वाक्यांकडे पुन्हा वळतो. पहिले खरे होते, आणि ते विसरावे असे मी सांगणार नाही. नार्व्याच्या देवळात गेलेल्याला ते विसरताही येणार नाही. परंतु दुसरे वाक्यही खरे होते. त्या बोलण्यात ‘मात्र’ हा शब्द होता, आणि त्या एका शब्दासाठी गुरुवर्यांनी ते पुस्तक माझ्या हाती दिले असावे, असे आता वाटते. त्यांनी मला ख्रिस्ती मत शिकविले नाही, ना त्याविरुद्ध काही शिकविले. दुसऱ्याला पवित्र वाटणारा शब्द आपल्या भाषेत येतो तेव्हा तो स्वच्छ उच्चारात, मोठ्याने आणि शेवटपर्यंत वाचावा, एवढी शिस्त त्यांनी लावली.

ती प्रत गुरुवर्यांनी पुढे आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयाला दिली. तिच्या समासांत त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून आहेत. विद्यार्थिमित्रहो, तिच्याशेजारीच ज्ञानेश्वरी आहे. दोन्ही एकदा घरी न्या आणि ओसरीवर बसून मोठ्याने वाचा. घरातील वडीलधारी मंडळी काही बोलली, तर तेही नीट ऐकून घ्या.